उसनी माती

१

सहाही कुंड्या जागच्या जागी होत्या. नव्हती ती त्यांच्यातली झाडं. आणि झाडांबरोबर मातीही गेली होती. चोराने कुंड्या खरवडून, अगदी तळापर्यंत रिकाम्या केल्या होत्या आणि पुन्हा ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

१९३३ सालचा श्रावण सरत आला होता. महाडच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका चारुशीलाबाई चार दिवसांची रजा काढून सकाळच्या सर्व्हिस मोटारीने पोलादपूरला आल्या होत्या, त्या ही झाडं फुललेली पाहायला. यज्ञेश्वर गुरुजींच्या पडवीत पाऊल टाकलं तो हे दृश्य. गुरुजी खांबाला टेकून बसले होते. सत्तरीला आलेला माणूस एका रात्रीत आणखी दहा वर्षांनी थकला होता.

बाईंचं गुरुजींशी नातं रक्ताचं नव्हतं, पण त्याहून कमीही नव्हतं. वडिलांनी त्यांना चौथीतून काढलं तेव्हा हेच गुरुजी रोज संध्याकाळी घरी येऊन शिकवत. पुढे वैधव्य आलं तेव्हा ट्रेनिंग कॉलेजाचा अर्ज त्यांनीच लिहून दिला. झाडाचं पान हातात घेऊन कसं बघावं, हे बाई त्यांच्याकडूनच शिकल्या. तीच नजर पुढे माणसांवरही चालू लागली. महाडात कुणाचा दागिना हरवला किंवा परीक्षेच्या पेपराला पाय फुटले, की लोक पोलिसांच्या आधी चारुशीलाबाईंचं दार वाजवत.

गेलेली झाडं साधी नव्हती. पोलादपूरहून डोंगर चढून गेलं की कुडपणचा माळ लागतो. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत वाढतं, आणि श्रावणात त्या गवतातून हिरव्या देठांवर पांढरी शुभ्र फुलं वर येतात. त्यांच्या पाकळ्यांच्या कडा अशा चिरलेल्या, की पंख पसरलेला बगळाच गवतावर उतरलाय असं वाटावं. कुडपणचे लोक त्यांना बगळं म्हणतात. दिवसा त्यांना वास नसतो. दिवेलागण झाली की मात्र अख्खा माळ दरवळतो. इंग्रजी पुस्तकं अशा फुलांना ऑर्किड म्हणतात, एवढं गुरुजींनी शोधून काढलं होतं. याचं बी म्हणजे निव्वळ धूळ. एका बोंडात हजारो दाणे असतात, आणि एका फुंकरीत सगळे जातात. ते बी घरच्या कुंडीत रुजवून दाखवायचं, या एका ध्यासापायी पेन्शनीत निघालेल्या या मास्तरांनी सहा वर्षं घालवली होती. गाव हसत होतं. आणि गेल्या ज्येष्ठात गुरुजींनी पुण्याच्या एका मासिकाला लेख पाठवला, की सत्तावीस साली पेरलेलं बी यंदा प्रथमच फुलणार. तो लेख वाचून कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर शनिवारी स्वतः यायचे होते. आज बुधवार होता.

पोलीस पाटील मालोजी आधीच येऊन पोचले होते. ते घराच्या मागच्या बाजूने आले, आणि त्यांच्या हातात फडक्याने झाकलेली टोपली होती. मागच्या पडवीत राहीबाई राहायची. ती मूळची कुडपणची विधवा बाई. गुरुजींच्या घरची झाडलोट, धुणं-भांडी सहा वर्षं तिच्याकडे होती. टोपली तिच्या अंथरुणाशेजारी सापडली होती.

मालोजींनी फडकं काढलं. टोपलीत काळी माती होती आणि मातीत तांबडे कण चमकत होते. ते कण कसले हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. बी इतकं बारीक असे, की गुरुजी ते कौलाच्या चुऱ्यात कालवून पेरत.

"कुंडीतलीच माती आहे ही," मालोजी म्हणाले. "झाडं विकली असतील, माती राहिली."

बाईंनी जमीन निरखली. पडवी काल संध्याकाळी सारवलेली होती. रात्रभर पाऊस झोडपत होता आणि अंगणात घोटाभर चिखल होता. पण सारवणावर चिखलाचा एकही ठसा नव्हता. त्यांनी तसं बोलून दाखवलं.

"तेच म्हणतो मी, बाई. चोर बाहेरून आलाच नाही. घरातलंच माणूस."

सगळ्यांच्या नजरा राहीबाईकडे वळल्या. ती दाराच्या चौकटीशी उभी होती. तिने पदर सारखा केला आणि एवढंच म्हणाली, "माती चोरीची नाय, पाटील." कुणी कितीही विचारलं तरी पुढे शब्द नाही.

गुरुजी धडपडत उठले. मला तक्रार करायची नाही, राहीला कुणी हात लावायचा नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. मालोजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. पुण्याचा मोठा माणूस गावात यायचा आणि गावात चोरी, हा गावाच्या अब्रूचा प्रश्न होता. शुक्रवारच्या मोटारीने ते राहीबाईला महाडला फौजदारापुढे उभी करणार होते.

चारुशीलाबाईंच्या हातात दोन दिवस होते.

२

या झाडांवर डोळा असणारी माणसं गावात दोनच. बाईंनी पहिला मोर्चा त्र्यंबकशास्त्री वैद्यांकडे वळवला.

शास्त्रीबुवांच्या ओसरीवर औषधांचा उग्र वास भरलेला होता. बगळ्याचे कंद ते विकत घेत, वाळवून कुटत आणि सालममिश्री म्हणून अशक्त रोग्यांना दुधातून देत. हे त्यांनी लपवलं नाही. उलट त्यांना बाईंची थोडी गंमतच वाटली.

"मी चोरले असते, तर माती तुम्हाला ठेवली असती," ते म्हणाले. "मातीचं मी काय करू? मला कंद हवा, तोही या दिवसांत नव्हे."

मग त्यांनी खडूने फळीवर चित्र काढून समजावलं. या झाडाला दरसाल दोन कंद असतात. एक गेल्या वर्षीचा, झाडाला पोसून पोसून सुरकुतत चाललेला, आणि शेजारी एक नवा, पुढच्या वर्षासाठी भरत असलेला. पावसाळ्यात जुना पोकळ होतो आणि नवा कच्चा असतो, म्हणजे दोन्ही निकामी. कार्तिकात बोंडं फुटली, पानं वाळली, की सगळा जीव नव्या कंदात उतरतो आणि झाड जमिनीखाली झोपी जातं. तेव्हापासून वैशाखापर्यंत खणायचं. वर काही दिसत नसतं, फक्त वाळकं दांडकं उभं असतं. त्याच्या खुणेने खणणारे बरोबर जागा काढतात.

"खणून कोण देतं तुम्हाला?"

"कुडपणचा भागोजी. राहीबाईचाच भाऊ तो. पण यंदा वैशाखात त्याने एक कंद दिला नाही. दुसरीकडून मागणी आहे म्हणाला."

कुणाची मागणी, ते शास्त्रीबुवांना ठाऊक नव्हतं. बाईंनी मात्र ते मनात टिपून ठेवलं.

दुसरे शरच्चंद्र. मुंबईला दहा वर्षं काढून आलेले आणि बोलण्यात तिकडचे शब्द पेरणारे हे गृहस्थ महाबळेश्वरच्या बंगल्यांना फुलं पुरवत. गुरुजींच्या कुंड्यांना त्यांनी गेल्या वर्षी चांगला भाव देऊ केला होता आणि गुरुजींनी त्यांना दारातून परतवून लावलं होतं. त्या रागाची गोष्ट ते स्वतःच हसत हसत सांगत. बाईंनी सरळ विचारलं, तसे ते जरा चिडले.

"बाई, थोडा खयाल करा. पावसात महाबळेश्वरला असतं कोण? बंगल्यांना झापा लागल्यात. साहेबलोक सगळे पुण्याला. फूल तोडून मी काय घाटातल्या माकडांना विकू?"

ते खरंच होतं. पावसाळ्यात वरचं सगळं महाबळेश्वर गवताच्या झापांत गुंडाळून बंद असे. शिवाय फुलंवाल्याने दांडे कापले असते किंवा कुंड्यांसकट झाडं उचलली असती. झाड मातीच्या गोळ्यासकट अलगद काढायचं आणि कुंडी मागे ठेवायची, हे कोण करील? ज्याला ते झाड जगायला हवंय तोच. आणि त्या झाडाला त्याची माती सोडवत नाही, हे ज्याला कळतं तोच.

परत येताना बाईंचे पाय जड झाले. असं कळणारी माणसं त्यांना दोनच ठाऊक होती, आणि ती एकाच घरात राहत होती.

३

दुपारी पाऊस उघडला आणि लख्ख ऊन पडलं. गुरुजी माजघरात बैठ्या मेजाशी बसले होते. बाईंनी त्यांना सहा वर्षांची हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

झाडांविषयी बोलताना गुरुजींचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा झाला. दर कार्तिकात ते माळावर जाऊन बोंडं फुटायच्या आत उतरवून आणत. दर उन्हाळ्यात राहीबाई माळावरून मातीची टोपली आणी. ती माती ते चाळत, किडे-मुंग्या मरावेत म्हणून लोखंडी काहिलीत भाजत, आणि ज्येष्ठात तिच्यात बी पेरत. पाणी किती, सावली किती, सगळं वहीत टिपलेलं. ऐकता ऐकता बाईंना पुन्हा तो जुना अभिमान वाटला. या माणसाला कुणी पगार देत नव्हतं, की शाबासकीही देत नव्हतं. एका रानफुलाने त्याला कोडं घातलं होतं आणि तो सहा वर्षं त्यापुढे बसून होता.

"आणि ही सहा झाडं?"

"सत्तावीस सालची. यंदा पहिल्यांदा कळीवर आली होती," गुरुजी म्हणाले आणि नजर खिडकीकडे वळवली.

मेजावर प्रोफेसरांचं पत्र होतं. बाईंनी ते वाचलं. सोमवारी आलेलं. पत्रात विनंती होती, की एक झाड उपटून त्याचा कंद तपासायची परवानगी असावी, आणि पेरणीची कृती सविस्तर लिहून मिळावी, म्हणजे पुढच्या वर्षी कॉलेजातले विद्यार्थी तीच कृती करून पाहतील.

सोमवारी पत्र आलं, आणि मंगळवारी रात्री झाडं गेली.

त्याच वेळी पत्रावर टपकन थेंब पडला. काळपट, गढूळ. बाईंनी वर पाहिलं. वर माळ्याच्या फळ्या होत्या. गुरुजींनी घाईने पत्र उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि कौल फुटलंय असं काहीतरी पुटपुटले.

अंगणात ऊन तापलं होतं. पाऊस थांबून तीन तास झाले होते.

बाई उठून पडवीत गेल्या. कुंड्या एकेक करून बाजूला केल्या. शेवटच्या कुंडीमागे, भिंतीच्या सांदीत, एक बोटभर वाळकं दांडकं पडलेलं होतं आणि त्याला दोन रिकामी, फुटलेली बोंडं चिकटून होती. माती काढताना ते निसटलं असणार. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. बोंड धरतं ते फुलानंतर, आणि फुटतं कार्तिकात. ही बोंडं गेल्या कार्तिकातली होती. म्हणजे या कुंडीतलं झाड गेल्या वर्षी फुललं होतं. जे झाड आयुष्यात पहिल्यांदाच फुलणार होतं, ते गेल्या वर्षी फुललं होतं.

माळ्याची शिडी चार पावलांवर होती. बाईंनी तिला हात लावला नाही. आता वर चढून बघायची गरज उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीरही होत नव्हता.

त्या मागच्या पडवीत राहीबाईपाशी जाऊन बसल्या.

"झाडं कुणी काढली ते मला कळलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू काढली नाहीस. पण टोपलीतल्या मातीचं सांगितल्याशिवाय पाटील तुला सोडायचे नाहीत."

राहीबाईने तांदूळ निवडायचे थांबवले. "कुणी काढली, ते पाटलांना सांगशीला?"

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. ठाऊक असून ती फौजदाराकडे जायला निघाली होती.

"अजून नाही सांगितलं."

राहीबाईने सूप बाजूला ठेवलं. "मंग उद्याच्याला माळावर चला, बाई. त्या मातीचं सांगून पटायचं नाय. दावायला लागंल."

४

गुरुवारी उजाडताच तिघं निघाली. मालोजी पाटील आले ते राहीबाई निसटू नये म्हणून. राहीबाईच्या डोक्यावर ती टोपली होती. मुद्देमाल आहे म्हणून मालोजी आधी अडून बसले, मग मुद्देमाल डोळ्यांसमोरच राहील या विचाराने तयार झाले. चढ निसरडा होता. धुकं दाटलं की पुढचं माणूस दिसेनासं होई आणि राहीबाईच्या पावलांचा आवाज तेवढा वाट दाखवी.

माळ लागला आणि धुकं सरकलं. चारुशीलाबाई जागच्या जागी थबकल्या. गुरुजींच्या तोंडून या फुलांचं वर्णन त्यांनी शंभरदा ऐकलं होतं, पण फुललेला माळ पाहिला नव्हता. हिरव्या गवतात जिकडे पाहावं तिकडे पांढरे पंख थरथरत होते. वारा आला की सगळा थवा एकदम उडेल असं वाटे, पण एकही उडत नव्हतं. मालोजींसारखा रांगडा माणूससुद्धा डोक्यावरचं इरलं काढून उभा राहिला.

राहीबाई मात्र थांबली नाही. माळाच्या टोकाला शेंदूर लावलेली एक शिळा होती. तिच्या पलीकडे, एका ओळीत, दगडांच्या कडा लावलेले सहा चौकोन होते.

"गुरुजींना माती दिली ती हितनं," ती म्हणाली. "दर साली एक खड्डा. मुरूम लागंतवर खोल. माळ देवीचा हाय. तिची माती उसनी आणली, ती परत नको करायला? पीक आलं नाय, की गुरुजी म्हनायचे, टाक उकिरड्यावर. देवीची माती उकिरड्यावर कशी टाकू? ज्या खड्ड्यातली, त्या खड्ड्यात आणून भरायची मी."

बाई पहिल्या चौकोनाशी वाकल्या आणि झाडं मोजू लागल्या.

त्या चौकोनात चौदा झाडं होती. दाट, खांद्याला खांदा लावून. मोकळ्या माळावर बगळं असं दाटीने येत नाही. ते पेरलेलं पीक होतं. त्यांतली पाच फुललेली होती. बाईंनी बोटाने माती बाजूला केली. काळ्या मातीत तांबडे कण होते. कौलाचा चुरा.

दुसऱ्या चौकोनात फूल नव्हतं, पण रुंद, तकतकीत पानं होती. तिसऱ्यात बोटाएवढी दोन-दोन पानं. चौथ्यात एकेक पान, गवताच्या पात्यासारखं, माहीत नसलं तर दिसायचंही नाही. बाईंना आपली शाळा आठवली. वरच्या इयत्तेपासून खाली बिगरीपर्यंत जसे वर्ग ओळीने बसावेत, तशी सहा वर्षांची पेरणी त्यांच्यासमोर बसली होती.

पाचवा चौकोन मोकळा होता. नुसतं बारीक गवत.

"यात काही नाही आलं," मालोजी म्हणाले.

"हाय. खाली हाय," राहीबाई म्हणाली.

बाईंनी अंबाड्यातला आकडा काढला आणि चौकोनाच्या कोपऱ्यात हलक्या हाताने उकरलं. आकड्याच्या टोकावर एक पांढुरका, केसाळ दाणा आला. तांदळाच्या कणीहून मोठा नव्हता. ना पान, ना मूळ. पण जिवंत. त्यांनी तो तसाच परत मातीत ठेवला आणि वरून माती सारखी केली. आता सगळं उलगडलं. हे बी रुजल्यावर दीड-दोन वर्षं अंधारातच वाढत असलं पाहिजे. आणि गुरुजी वर्षभर वाट पाहून, उगवलं नाही म्हणून दर ज्येष्ठात कुंड्या रिकाम्या करत होते.

सहावा खड्डा उघडा होता. राहीबाईने टोपली त्यात रिती केली. "ही गेल्या सालची. लावणी आली, पाऊस लागला, म्हणून ऱ्हायली व्हती माझ्यापाशी."

मालोजी दगडावर बसले. "मला समजेल असं सांगा, बाई. मग गुरुजींच्या पडवीत होतं ते काय होतं?"

तेव्हा चारुशीलाबाईंनी सांगितलं. दर वर्षीची माती जर इथे परत येत होती, तर कुंडीत सत्तावीस सालचं झाड असूच शकत नव्हतं. कुंडीमागे गेल्या कार्तिकातली बोंडं सापडली होती. वाळक्या दांडक्याच्या खुणेने वैशाखात कंद खणतात, तसा खणलेला, मातीच्या गोळ्यासकट आणलेला रानचा कंद तो. भागोजीने वैद्यांना कंद दिले नाहीत, कारण ते दुसरीकडे गेले होते. मग पत्र आलं, की एक झाड उपटून तपासायचंय. मातीच्या गोळ्यात कौलाचा चुराच नाही, हे जाणत्या माणसाला झाड उपटताच कळलं असतं. म्हणून पाय न भिजवता, घरातल्या घरात, झाडं माळ्यावर गेली. गुरुजींच्या मेजावर गढूळ थेंब पडत होते ते तिथूनच.

खालच्या वाडीतून भागोजी आला तेव्हा मालोजींनी त्याला फक्त एवढंच विचारलं, की वैशाखात सहा कंद कुणाला दिलेस. भागोजीने बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"गुरुजींना," तो म्हणाला. "माती सुटू द्यायची नाय, म्हनले."

बाई राहीबाईकडे वळल्या. तू काल बोलली असतीस तर सुटली असतीस, असं त्या म्हणाल्या.

"मातीचं सांगितलं असतं, तर गुरुजींचं खोटं उघडं पडलं असतं ना, बाई. माझा काय, फौजदार दोन दिस बसवून ठेवील आनि सोडील. त्यांना परत तोंड दावायला जागा ऱ्हायली नसती."

"पण ही झाडं रुजली, हे तरी त्यांना सांगायचंस."

"मला वाटलं, देवीचं हाय ते देवीनं उगवून आणलं. त्यात सांगायचं काय?"

उतरताना बाईंना वाट दिसत नव्हती, आणि त्याला धुकं कारण नव्हतं. ज्या माणसाने त्यांना खरं बोलायला शिकवलं, त्याच्यासमोर आज त्या कुठल्या तोंडाने उभ्या राहणार होत्या?

५

तशी वेळ आलीच नाही. पोलादपूरच्या वेशीत शिरतानाच चावडीपुढे गर्दी दिसली. चावडीच्या पायरीवर यज्ञेश्वर गुरुजी बसले होते. शेजारी एक मोठा हारा होता आणि हाऱ्यात, मातीच्या गोळ्यांसकट, सहा झाडं. दोन दांड्यांवर कळ्या उमलल्या होत्या. भर दुपारी, बाजारातून, सगळ्यांच्या देखत ते स्वतः हारा डोक्यावर घेऊन आले होते.

मालोजींना पाहताच ते उठून उभे राहिले, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर उठावं तसे.

"पाटील, चोर मी आहे," ते म्हणाले. "राहीला सोडा. ही झाडं मी रानातून आणवली. सहा वर्षांत माझं एकही बी उगवलं नाही. लोक हसत होते. एकदा तरी कुणी हसू नये, एवढ्यासाठी लेख लिहिला. वाटलं, इथवर कोण बघायला येतंय. पण माझी खोटी कृती पाहून कॉलेजातली मुलं वर्षानुवर्षं रिकाम्या कुंड्यांना पाणी घालत बसणार, हे पत्र वाचून कळलं. तेही कबूल करायचा धीर झाला नाही. झाडं लपवली. आणि काल एका बाईला तुम्ही माझ्यामुळे चोर म्हणालात, तरी मी गप्प बसलो."

गर्दीत कुणी हसलं नाही. मालोजींनी हाऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, स्वतःच्या घरातली स्वतःची वस्तू माळ्यावर ठेवली तर सरकारात त्याला चोरी म्हणत नाहीत. आणि त्यांनी लोकांना घरी पिटाळलं.

चारुशीलाबाई गुरुजींपाशी गेल्या. दोन दिवस त्यांनी मनात जे जे जुळवलं होतं, त्यातलं काहीच बोलायची गरज राहिली नव्हती. त्या त्यांच्या पायांशी पायरीवर बसल्या.

"गुरुजी, तुमचं बी उगवलंय," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांचं वर आलंय, सहाव्याचंही येईल."

गुरुजींना आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा ते राहीबाईकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. रात्री जेवण बाजूला ठेवून त्यांनी बाईंना एकेक चौकोनाबद्दल खोदून खोदून विचारलं. पानं किती, दाणा किती खोल, आजूबाजूला गवत कसलं. बोलता बोलता त्यांची चूक त्यांनाच सापडली. भाजल्यावर त्या मातीतलं काहीतरी मरत होतं, जे या बियाला पोसतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण थोरल्या झाडांच्या आणि गवताच्या मुळांशी ते असलंच पाहिजे. मेलेली माती माळावर परत गेली आणि चहूबाजूंच्या जित्या मातीने तिला पुन्हा आपल्यात घेतलं. एक चूक भाजण्याची, दुसरी घाईची. आणि दोन्ही चुका एका अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईने, कुणी न सांगता, निस्तरल्या होत्या.

शनिवारी प्रोफेसर आले. गुरुजींनी त्यांना चहाच्या आधी खरं काय ते सांगितलं. प्रोफेसरांचा चेहरा उतरला. ते त्याच मोटारीने परत जायला निघाले होते. चारुशीलाबाईंनी त्यांना एवढंच विचारलं, की डोंगर चढायची ताकद आहे का.

माळावर पोचल्यावर ते कोट चिखलात टाकून पाचव्या चौकोनाशी गुडघ्यांवर बसले, भिंग काढलं, आणि पुढचा तासभर ते एकेक चौकोन तपासत राहिले. मग वही काढून त्यांनी विचारलं, की ही कृती कुणाच्या नावाने नोंदवायची.

"राहीबाईंच्या," गुरुजी म्हणाले. "पेरणारा मी. उगवून आणणाऱ्या त्या."

प्रोफेसर लिहून घेऊ लागले. राहीबाईला त्यात काही रस दिसला नाही. ती गुरुजींनी परत आणलेले सहा कंद भागोजीच्या हातून गवतात लावून घेत होती. मागून काठी टेकत गुरुजी तिच्याजवळ गेले. सहा वर्षं त्यांनी तिला अगं राही म्हणून हाक मारली होती.

"राहीबाई," ते म्हणाले, "यंदा कार्तिकात बी धरलं, की पुढे काय करायचं, ते सांगा."

तिने पदराने हात पुसले आणि थोडा विचार केला.

"आईझाडाच्या मुळाशी सोडायचं. माती भाजायची नाय, उकरून बघायचं नाय. आनि मंग पाच सालं बगत ऱ्हायचं."

"पाच वर्षं मी असेन का?"

"आमी असू की," राहीबाई म्हणाली. "बसा जरा. चढून दमलाव."

गुरुजी तिने दाखवलेल्या दगडावर बसले.